आधी झोप विचारा, मग जिलेबी

'गोड खाल्लं असणार!' शुगरचा रिपोर्ट वाढून आला की ओपीडीत पहिला वार हाच होतो. पाठोपाठ घरचे सुरू होतात: चालायला जात नाहीत, गोळ्या तशाच पडून राहतात, सांगून सांगून थकलो. सकाळी अंथरुणातून उठावंसंच वाटत नाही, हे सांगायला त्या माणसाला जागाच उरत नाही. आणि डॉक्टर गोळी वाढवतात. आहे तीच गोळी ज्याच्या घशाखाली उतरत नाही, त्याला आणखी एक!

मधुमेह्यांत नैराश्य इतरांपेक्षा जास्त आढळतं. मन खचलं की पथ्य सुटतं, शुगर चढते, मन आणखी खचतं. तरी केसपेपरवर त्याच्याबद्दल एक ओळ नसते.

उपाय आपल्याच देशात तपासून झाला आहे. चेन्नई, बंगळूर, दिल्ली आणि विशाखापट्टणमचे चार दवाखाने, मधुमेह आणि नैराश्य दोन्ही असलेले 404 रुग्ण. निम्म्यांना नेहमीचे उपचार. उरलेल्यांच्या पाठीशी वर्षभर एक प्रशिक्षित समन्वयक, जी डॉक्टर नव्हती. ती विचारपूस करायची, पाठपुरावा ठेवायची आणि तज्ज्ञ तिच्यासोबत बसून उपचार बदलायचे. दोन वर्षांनी पाहिलं, तर नैराश्य निम्म्याने उतरलं आणि शुगर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांपैकी निदान एक सुधारलं, असे तिच्या गटात 71.6 टक्के, दुसऱ्या गटात 57.4. मदत थांबून वर्ष लोटल्यानंतरचे हे आकडे! 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात ते 2020 साली छापून आले.

ते दवाखाने शहरातले, मधुमेहाचेच, हे खरं. पण तिथला फरक घडला तो विचारणाऱ्या माणसामुळे आणि त्याच्यामागच्या तज्ज्ञांमुळे, आणि असं माणूस प्राथमिक आरोग्य केंद्रातही नेमता येतं. तिशीपुढच्यांचा आजारांचा धोका तपासणारा सीबॅक फॉर्म आशाताई घरोघरी भरतात. कशात रस वाटत नाही का, उदास वाटतं का, हे दोन प्रश्न त्यात आहेतच. तेच प्रश्न शुगर तपासणीच्या प्रत्येक फेरीला विचारले पाहिजेत, आणि उत्तर 'हो' आलं तर औषध आणि समुपदेशन त्याच केंद्रात मिळालं पाहिजे. आधीच वाकलेल्या आशाताईंवर हे फुकटात लादू नका. त्यासाठी स्वतंत्र पद काढा, पगार द्या.

तोवर तुमच्या घरात कुणाची शुगर हटून बसली असेल, तर जिलेबीची चौकशी थांबवा. झोप लागते का, मन लागतं का, ते विचारा आणि डॉक्टरांच्या कानावर घाला. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं.