अंगठा न घेतलेली उचल

नाताळ जवळ आला की आमच्या मंडळीत गव्हाणीची सजावट सुरू होते. पेंढा, चिनी दिव्यांची माळ, प्लास्टरचं बाळ. त्याच दिवसांत धारूर, वडवणी, पाटोद्याकडची कित्येक घरं कुलूप लावून ऊसतोडीला साखर कारखान्यांकडे गेलेली असतात. तिथलं बाळ प्लास्टरचं नसतं. ते फडाच्या कडेला पाचटावर निजलेलं असतं आणि त्याला बघायला मागी लोक येत नाहीत. मुकादम येतो, तोही आईला हाक मारायला.

बिनशर्त प्रीती हा आमच्या पाळकसाहेबांचा लाडका विषय. बीड जिल्ह्यात त्यावर बोलायला धाडस लागतं, कारण इथं कोयत्याला शर्तीशिवाय काही मिळत नाही. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल आधी, घाम नंतर, खाडा झाला की दंड. पोट दुखतंय म्हणून बाईनं कोपीत पडून राहायचं नाही. 2019 च्या सरकारी पाहणीत 82,309 ऊसतोड बायकांपैकी 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. हा आकडा मी एकाही प्रवचनात ऐकलेला नाही. विषय बहुधा ‘आत्मिक’ नसावा.

चांगल्या शोमरोन्याची गोष्ट मात्र वर्षातून एकदा तरी होतेच. तिच्यातला व्यवहार कुणी बघत नाही. जखमी माणसाला उतारशाळेत ठेवताना तो मालकाला दोन नाणी आगाऊ देतो, वर खर्च झाला तर येताना फेडीन म्हणतो. म्हणजे उचलच की! फक्त अंगठा कुणाचा घेतला नाही, आणि बाकीही देणाराच भरणार. असा मुकादम आमच्याकडे एका हंगामात बुडेल.

असले बुडीत व्यवहार करणारे दोघं बीडच्या शिवेवर, जामखेडला होऊन गेले. रजनीकांत आणि मेबल आरोळे. वेल्लोरला शिकलेले डॉक्टर, 1970 साली तिथं आले. गावाचं आरोग्य त्यांनी गावातल्याच बायकांच्या हाती दिलं. त्यांत कितीतरी निरक्षर, कितीतरी दलित. दुष्काळात बोअर पाडायची वेळ आली तेव्हा पाणी बघणाऱ्याला सांगितलं, जागा दलित वस्तीतच शोध. पाणी लागलं आणि वरच्या आळीच्या घागरी खालच्या आळीत आल्या. समतेवर भाषण नाही, ठराव नाही. तहानेलाच कामाला लावलं. 1979 ला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तेव्हापासून आम्ही त्यांना ‘आपले’ म्हणतो, आणि आमचा बोअर कंपाउंडच्या आत पाडतो.

मंडळीचा हॉल सोमवार ते शनिवार बंद असतो. आई-बाप तोडीला गेलेली, आजीपाशी राहिलेली पोरं दिवाळीपासून गुढीपाडव्यापर्यंत तिथं जेवू शकतात, अभ्यास करू शकतात. ती कुठल्या देवाला हात जोडतात, ते विचारू नका. हॉलची किल्ली कुणाकडे असते, तेवढं या रविवारी पाळकसाहेबांना विचारा.