पैकीच्या पैकी

नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या एखाद्या कारखान्यात 'लीन', म्हणजे काहीही वाया न घालवण्याची टोयोटाची उत्पादनपद्धत, आली की आधी जमिनीवर पिवळे पट्टे येतात, मग कायझेनचा, म्हणजे सततच्या सुधारणेचा, फलक. यशाचा पहिला घटक म्हणे 'वरिष्ठांची बांधिलकी'. ती मोजायची फीत कापतानाच्या फोटोंवरून. दुसरा, 'कामगारांचा सहभाग': सूचनापेटीतल्या चिठ्ठ्या मोजायच्या, वाचायच्या नाहीत. टोयोटाचे ताइइची ओनो खडूने वर्तुळ काढून माणसाला त्यात तासन्‌तास उभं करत: बघ, वाया काय जातंय! इथे ते वर्तुळ ऑइलपेंटने रंगवून त्यात कुंडी ठेवतात. ऑडिटच्या आदल्या रात्री अर्धवट जॉब टेम्पोतून शेजारच्या व्हेंडरकडे मुक्कामाला जातात. साठा शून्य, गुण पैकीच्या पैकी! जपानच्याच शिगेओ शिंगोंनी यंत्राचा साचा, म्हणजे डाय, दहा मिनिटांच्या आत बदलायला शिकवलं. इथे अजून अख्खी पाळी जाते, पण ऑडिटच्या तक्त्यात त्याला रकानाच नाही.