कर्णवेध

दूरचित्रवाणी संच विकत घेणारा माणूस आणि दूरचित्रवाणी संच निवडणारा माणूस या दोन भिन्न जाती असून प्रस्तुत लेखनाचा विषय दुसरी जात हा आहे. पहिल्या जातीचा माणूस दसरा-दिवाळीच्या सुमारास दुकानात जातो, एकदा खिशाकडे व एकदा पत्नीकडे पाहतो आणि खोके रिक्षात घालून घरी येतो, त्यामुळे त्याच्याविषयी लिहिण्यासारखे काही उरत नाही. दुसऱ्या जातीचा माणूस, ज्याला येथे सोयीसाठी ‘तौलनिक’ म्हणावे, प्रत्येक गल्लीत, कचेरीत आणि गोतावळ्यात एक तरी असतोच, तेव्हा त्याची ओळख करून देण्याचे कारण नाही. वेरूळच्या तौलनिकाचे वैशिष्ट्य एवढेच की गेली सहा वर्षे तो एका स्वस्त आणि एका महाग संचाच्या मध्ये उभा आहे आणि तेवढ्या अवधीत ते दोन्ही संच बाजारातून नाहीसे होऊन त्यांच्या जागी दुसरे, तिसरे आणि चौथे आले आहेत.

वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात. तौलनिकाचा सगळा संशोधनव्यवहार या एका नियमावर उभा आहे, कारण लेण्यांच्या वाटेवर त्याचे लहानसे दुकान असून त्यात रंगीत स्फटिक, दगडी हत्ती आणि कैलास लेण्याच्या तीन आकारांतील प्रतिकृती मिळतात, आणि गिऱ्हाईक नसलेला मंगळवार तो सुमारे तीस किलोमीटरवरील छत्रपती संभाजीनगरच्या दुकानांत घालवतो. तेथील विक्रेत्यांनी त्याला ग्राहक मानणे केव्हाच सोडून दिले आहे. एखादा नवा मुलगा कामावर लागला की मालाची माहिती करून घेण्यासाठी ते त्याला तौलनिकाच्या स्वाधीन करतात, आणि तौलनिकही ती जबाबदारी एका चहावर पार पाडतो.

पडद्याचा जो आकार इंचांत सांगितला जातो तो रुंदीचा नसतो व उंचीचाही नसतो, तर कर्णाचा, म्हणजे एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंतच्या अंतराचा असतो. आरंभीच्या अनेक संचांतील चित्रनलिकेचे, म्हणजे ज्या काचेच्या नळीच्या तोंडावर चित्र उमटते तिचे, तोंड गोल असे आणि तिचा व्यास सांगितला की काम भागे. पुढे पडदा चौकोनी झाला आणि व्यासाची गादी कर्णाने चालवली. कर्ण हे माप मात्र मोठे फसवे आहे, कारण जुन्या चारास तीन प्रमाणाच्या पडद्याचा आणि आजच्या सोळास नऊ प्रमाणाच्या पडद्याचा कर्ण सारखा असला तरी आजच्या लांबोळक्या पडद्याचे क्षेत्रफळ शंभरास सुमारे अकराने कमी भरते. हे ज्ञान ज्या मंगळवारी झाले त्या मंगळवारपासून तौलनिकाच्या खिशात पोलादी टेप आली ती कायमची. त्यातच ३२ इंचांचे ८१.२८ सेंटीमीटर होतात आणि खोक्यावर मात्र बहुधा ८० सेंटीमीटर छापलेले असतात, हे त्याच्या ध्यानात आले, आणि उरलेले १.२८ सेंटीमीटर जातात कोठे, हा प्रश्न त्याने जालना रोडवर दुकानोदुकानी विचारला. एका विक्रेत्याने ‘काका, चौकटीत मुरतात’ असे उत्तर दिले, तेव्हा त्याने चौकटीचाही कर्ण मोजला.

यानंतर मोजण्याजोगी कोणतीही वस्तू या दृष्टीतून सुटली नाही. खिडकी, बाज, दुकानाचे शटर, सुनेने भिंतीवर लावलेला लग्नाचा फोटो आणि पोळ्याला बैलाच्या पाठीवर टाकायची झूल, या सर्वांचे कर्ण त्याच्या वहीत नोंदलेले आहेत. भाड्याची खोली पाहायला आलेल्या एका बिऱ्हाडकरूने खोली केवढी आहे असे विचारले असता ‘कर्णात पावणेचौदा फूट’ असे उत्तर मिळाल्याने तो बिऱ्हाडकरू खुलताबादला राहायला गेला. कैलास लेण्याचे प्रांगण सुमारे २७६ फूट लांब व १५४ फूट रुंद आहे असे सांगितले जाते. तौलनिकाने पायथागोरसच्या प्रमेयाने त्याचा कर्ण ३१६ फूट काढला, फुटांचे इंच केले, आणि आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याने ३,७९२ इंची कैलास घेतला, असे तो पर्यटकांना गंभीरपणे सांगू लागला. तेव्हापासून गाव त्याला ‘कर्णमहाराज’ म्हणते. ज्याने मागितल्याबरोबर कवचकुंडले उतरवून दिली त्याचे नाव, ज्याने सहा वर्षांत खिशातून टेपेखेरीज काही काढले नाही अशा माणसाला मिळावे, यात गावाचा खवचटपणा दिसतो.

तौलनिकाचा मंगळवार एका ठरावीक क्रमाने चढत जातो. सकाळी तो सर्वांत स्वस्त, ३२ इंची आणि ‘एचडी रेडी’, म्हणजे आडवे १,३६६ व उभे ७६८ बिंदू असलेल्या संचासमोर उभा असतो आणि त्याचा निर्णय जवळजवळ झालेला असतो. तेवढ्यात शेजारच्या संचात ‘फुल एचडी’, म्हणजे जवळजवळ दुप्पट बिंदू असून फरक दोनच हजारांचा आहे असे दिसते; त्या संचाशी पोचावे तर आणखी थोड्या पैशांत ४३ इंच मिळतात; ४३ इंच घ्यायचेच तर ‘फोर के’, म्हणजे सुमारे ८३ लाख बिंदू, का नकोत, असा रास्त विचार मनात येतो; आणि अशा रीतीने पायरी पायरीने वर जात दिवेलागणीला तो ‘ओलेड’ नावाच्या, ज्यात प्रत्येक बिंदू स्वतःच उजळतो व स्वतःच विझतो अशा, लाखाच्या घरातील संचासमोर येऊन ठेपतो, किमतीची चिठ्ठी वाचतो आणि शेवटच्या बसने ३२ इंचांवर परत येतो. यातील मौज अशी की ही शिडी त्याच्या चांगल्या परिचयाची आहे. त्याच्या स्वतःच्या दुकानात लहान कैलास दीडशेला, मधला चारशेला आणि मोठा साडेचारशेला आहे, आणि मधला कैलास विकण्यासाठी ठेवलेलाच नाही. मोठा घेणाऱ्याला आपण शहाणे आहोत असे वाटावे एवढ्यासाठीच तो तेथे बसलेला आहे. सहा दिवस गिऱ्हाइकांना ज्या शिडीवर चढवायचे तीच शिडी सातव्या दिवशी भाडे खर्चून स्वतः चढायची, याला व्यापारातले प्रायश्चित्त म्हणता येईल.

काळ्या रंगाविषयीचा त्याचा आग्रह मात्र हसण्यावारी नेण्याजोगा नाही. स्वस्त संचांत बिंदूंच्या मागे सतत दिवे जळत असतात व त्यांचा उजेड झिरपत राहतो, म्हणून त्यांवरील काळा रंग वस्तुतः राखाडी असतो. दुकानातील झगझगाटात ही गोष्ट लपते, आणि तेथील संच मुद्दाम भडक रंगांवर लावलेले असतात ते निराळेच. वेरूळमध्ये वाढलेल्या माणसाला अंधार म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. दहाव्या लेण्यात, ज्याला गावकरी सुताराची झोपडी म्हणतात, उन्हातून आत पाऊल टाकल्यावर पहिले काही क्षण जे दिसत नाही आणि मग बसलेल्या बुद्धाच्या रूपाने जे हळूहळू दिसू लागते, त्या अंधाराशी ताडून पाहिल्यावर लाखाच्या आतील एकही संच तौलनिकाच्या कसोटीस उतरलेला नाही. दुकानातले दिवे बंद करा, असे त्याने एकदा सांगून पाहिले होते. दुकान बंद करण्याची वेळ झाली आहे, असे त्याला सांगण्यात आले.

कराचा अडथळाही काही वर्षे त्याच्या सोबतीला होता. ३२ इंचांपर्यंतच्या संचांवर १८ टक्के आणि त्याहून मोठ्यांवर २८ टक्के वस्तू व सेवा कर असे, आणि तो उतरल्याशिवाय मोठा संच घेणे म्हणजे सरकारला फुकट पैसे देणे होय, असे तो म्हणे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या संचांवरील करही १८ टक्के झाला, तेव्हा गावाने निःश्वास सोडला. तौलनिकाने मात्र, जी गोष्ट एकदा उतरते ती पुन्हाही उतरू शकते, असे मत मांडले.

कृष्ण याज्ञवल्कीच्या ‘कथाकल्पतरू’त कैलासासंबंधी एक आख्यायिका आहे. माणिकावती राणीने देवालयाचे शिखर दृष्टीस पडल्याखेरीज अन्न घेणार नाही असा नेम केला, तेव्हा इतर कारागिरांनी हात टेकले आणि पैठणच्या कोकस नावाच्या स्थपतीने डोंगर माथ्याकडून कोरायला घेऊन आठवड्यात शिखर दाखवले. ज्या गावात छिन्नीचा एकेक घाव परत न घेण्याच्या बोलीवर घातला गेला त्या गावात हा गृहस्थ जन्मावा, हा इतिहासाचा विनोद होय. तौलनिकाच्या पत्नीने कसला नेम केलेला नाही. ती रोज संध्याकाळी जुन्या संचाकडे पाठ करून लसूण सोलत बसते आणि मालिका नुसती ऐकते. कोण रडते आहे, कोण कट करते आहे आणि कोणाची सून परत आली, हे तिला आवाजावरून कळते, आणि पडदा किती इंची आहे हे तिला आजतागायत कोणी विचारलेले नाही.

येथे गणिताची एक अडचणीची बाजू नोंदवणे भाग आहे. तौलनिकाच्या घरी बाज आणि भिंत यांच्यात नऊ फुटांचे अंतर आहे, आणि तेवढ्या अंतरावरून ३२ इंची स्वस्त पडद्यावरचे बिंदूदेखील निरोगी डोळ्याला सुटे दिसू शकत नाहीत, मग ८३ लाखांची गोष्ट दूरच. तौलनिकाचा उजवा डोळा तर निरोगीही नाही. त्यात मोतीबिंदू असून तो पिकत आला आहे. शस्त्रक्रियेला तो एक वर्षापूर्वीच राजी झाला होता, परंतु डॉक्टरांनी टेबलावर दोन पत्रके ठेवली: एक साध्या भिंगाचे, ज्याने दूरचे स्पष्ट दिसते व वाचायला चष्मा लागतो, आणि दुसरे बहुकेंद्री भिंगाचे, ज्याने चष्म्याची गरज बरीच कमी होते व किंमत बरीच वाढते. तौलनिकाने दोन्ही पत्रके घडी घालून खिशात ठेवली आणि भिंगाचा कर्ण किती, असे विचारले. भिंग गोल असते, गोलाला कर्ण नसतो, व्यास असतो आणि तो सहा मिलिमीटर असतो, असे डॉक्टरांनी सांगितले. हे उत्तर त्याच्या मनाला फार लागले असे पत्नीचे निरीक्षण आहे.

अशा माणसाविषयी ममत्व वाटण्याचे वस्तुतः कारण नाही; तरीही गावातील जुनी माणसे त्याची थट्टा करताना एका ठिकाणी येऊन थांबतात. त्याच्या वडिलांनी, जिल्ह्यातलाच माल म्हणून, व्हिडिओकॉनचा रंगीत संच आणला होता, तो गल्लीतला पहिला. (त्या कंपनीचा चितेगावचा कारखाना अनेक घरांची चूल पेटवीत असे, २०१८ मध्ये कंपनीच दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली.) रविवारी सकाळी ‘महाभारत’ लागले की ओसरीपर्यंत माणसे दाटत, आणि वाऱ्याने अँटेना फिरली की पडद्यावर मुंग्या येत. पुढे म्हैसमाळच्या टेकडीवरील दूरदर्शनच्या मनोऱ्याने ही कटकट पुष्कळ कमी केली, पण तोवर घरातला तरणा मुलगा म्हणून अँटेनेचा दांडा धरून माळवदावर उभे राहण्याचे काम त्याच्याकडे होते. तो वरून ‘आलं का?’ असे ओरडे, खालून ‘आलं, आलं, तसंच धरा!’ असे उत्तर येई, आणि तो तसेच धरी. कर्णाच्या रथाचे चाक जमिनीत रुतले त्या रविवारी वारा मोठा होता. चाळीस-पन्नास माणसांनी ते चाक पाहिले. त्याने माळवदावरून खालचा गलका ऐकला आणि गलका थांबला तेव्हा कर्ण गेला असे ताडले.

अखेर पुण्याच्या मुलाने कोणालाही न विचारता ४३ इंची संच घरपोच पाठवला, जो वडिलांच्या दोन्ही याद्यांत नव्हता. खोक्यावर १०८ सेंटीमीटर छापलेले होते. ४३ इंचांचे १०९.२२ होतात, म्हणजे तोटा १.२२ सेंटीमीटरचा, ३२ इंचीपेक्षा सहा शतांशाने कमी, आणि एवढ्या आधारावर तौलनिकाने मुलाची निवड अगदीच वाईट नाही असा अभिप्राय दिला. त्याच आठवड्यात एका संध्याकाळी पावसाची जोराची सर आली आणि चित्र गोठले. जोरदार पावसाचे थेंब उपग्रहाकडून येणाऱ्या लहरी शोषतात, तेथे डिश हलवून उपयोग नसतो, हे सर्वांत आधी त्यालाच ठाऊक होते. तरी तो डोक्यावर पोते घेऊन गच्चीवर गेला, दोन्ही हातांनी डिश धरली आणि खाली वाकून ओरडला, ‘आलं का?’

पत्नी नेहमीप्रमाणे पडद्याकडे पाठ करून लसूण सोलत होती. तिने मान न वळवता थोडा वेळ कानोसा घेतला.

‘आवाज आला,’ ती म्हणाली, ‘या खाली.’