संध्याकाळी सातचा देशकार

‘पेंटाटॉनिक वाजवा, चुकूच शकत नाही,’ असं गिटारचे मास्तर नवशिक्याला कधीतरी सांगतातच. कोथरूडमधल्या ज्या गृहस्थांची ही हकिकत आहे, त्यांनी ते कर्जमाफीच्या घोषणेसारखं ऐकलं. चाळिशी उलटल्यावर हाती घेतलेली गिटार आणि घरात गाण्याच्या परीक्षा दिलेल्या सासूबाई. अशा माणसाला याहून मोठं अभय कोण देणार?

मास्तर खोटं बोलत नव्हते. मेजर स्केलमधून मध्यम आणि निषाद वगळले की उरतात सा रे ग प ध. सी पट्टीत सी, डी, ई, जी, ए. शेजारच्या दोन सुरांत अर्ध्या स्वराचं अंतर कुठेच उरत नाही, म्हणून एखादा सूर अंगावर येण्याची भीती कमी. पियानोच्या नुसत्या काळ्या पट्ट्यांवरून मांजर चाललं तरी असेच पाच सूर निघतात आणि घरचे लोक मांजराचं कौतुक करतात.

गृहस्थांचं कौतुक मात्र कोणी करत नव्हतं.

रॉकच्या नादात त्यांनी आधी मायनर पेंटाटॉनिकचा बॉक्स घोटला होता. तर्जनी पाचव्या फ्रेटवर आणि जाड तारेवर तिच्याखाली ए, म्हणजे षड्ज. ए मेजरचं गाणं आलं तेव्हा मास्तर म्हणाले, हाच साचा तीन फ्रेट मागे न्या, झालं मेजर पेंटाटॉनिक. बोटांना नवीन काही शिकायचं नाही! गृहस्थ खूश. पण साचा मागे सरकला तरी षड्ज पाचव्याच फ्रेटवर राहिला आणि आता तो करंगळीच्या, म्हणजे हाताच्या सगळ्यांत नाखूश बोटाच्या, वाट्याला आला. तर्जनीखाली आता एफ शार्प, म्हणजे धैवत. तर्जनीला तिथे मुक्काम करायची जुनी सवय. त्यामुळे यांची तान कुठूनही निघो, शेवटी धैवतावर बसकण मारी.

‘जावईबापू,’ आतून आवाज आला, ‘संध्याकाळी सात वाजता देशकार कसला लावलाय?’

गृहस्थांना ती दाद वाटली. ती दाद नव्हती. भूप आणि देशकार यांचे सूर तेच पाच, पण भूपाचा वादी गंधार आणि देशकाराचा धैवत. भूप संध्याकाळचा, देशकार सकाळचा. सूर एकही न बदलता नुसत्या वजनाने आणि थांब्यांनी राग बदलतो, हे आपल्याकडे गाण्याच्या पहिल्यावहिल्या परीक्षांतल्या मुलांनाही भूप शिकताना हळूहळू उमगतं. गिटारवाल्यांना ते कोणी सांगत नाही. त्यांना बॉक्सची आकृती देतात. ‘आई, सूर बरोबर आहेत ना पण?’ या प्रश्नावर सासूबाईंनी किशोरीताईंचं ‘सहेला रे’ लावलं आणि दार लोटून घेतलं. भूपाची बाजू त्यांच्या मते एवढ्यावर संपत होती.

मास्तरांनी दुसरं उदाहरण दिलं. टेम्प्टेशन्सचं ‘माय गर्ल’, 1964. मोटाउनच्या रॉबर्ट व्हाइट यांची त्यातली प्रसिद्ध गिटार म्हणजे सी मेजर पेंटाटॉनिक खालून वर, बस्स. कॉर्ड एफ झाला की तोच जिना एफपासून. एवढंच तर गृहस्थ रोज करत होते! फरक इतकाच, की व्हाइट जिना चढून गायकाला जागा देतात आणि गृहस्थ वर पोचल्या पोचल्या धावत खाली येत.

ऑलमन ब्रदर्सच्या ‘जेसिका’ने (1973) त्यांना जास्त धीर दिला. डिकी बेट्स यांना डाव्या हाताच्या दोन बोटांनी वाजेल अशी धून रचायची होती. आगीत हात भाजून दोन बोटं निकामी झालेल्या जँगो राइनहार्टला तो मुजरा होता. धून सुचली ती रांगत्या मुलीला तालावर उड्या मारताना पाहून, नावही तिचंच. पट्टी ए मेजर! दोन बोटं पुरतात म्हटल्यावर गृहस्थांनी करंगळीला कायमची सुट्टी देऊन षड्ज अनामिकेने घ्यायला सुरुवात केली. तिसऱ्या तारेवर चौथ्या फ्रेटचा बी ओढून सी शार्पपर्यंत नेला, म्हणजे रिषभावरून गंधाराची मींड. दार किंचित उघडलं. ‘ही बरी होती,’ सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडून हे म्हणजे विशेष प्रावीण्यच.

वाचकांपैकी कोणी या वाटेला लागणार असेल तर बॅकिंग ट्रॅक दोनच कॉर्डचा घ्या, ए आणि डी. ए वाजत असेपर्यंत तान ए किंवा सी शार्पवर सोडा. डी आला की मात्र खुशाल त्या बदनाम एफ शार्पवर बसा. डी कॉर्डचा गंधार तोच आहे.