नाव समजलं, आडनाव?

स्लोव्हेनियात 2007 साली तीन कलावंतांनी रीतसर एकच नाव घेतलं : यानेझ यान्शा. म्हणजे तेव्हाच्या पंतप्रधानाचं. 2012 मध्ये त्यावर माहितीपटही आला. ओळख म्हणजे काय, वगैरे. तो विदर्भातल्या दिग्रसला दाखवा. पहिली प्रतिक्रिया ठरलेली : ‘नाव समजलं जी, आडनाव काय?’ मग ‘कोणत्या गावचे?’ मग ‘कोणापैकी?’ जात कळली की बिनघोर चहा येतो. एखादा हिशेबी शेतकरी एवढंच विचारेल, ‘तिघं एकाच नावाचे, मग सातबारा कसा करायचा?’ महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या बाळाच्या नावापुढे आईचंही नाव सरकारी कागदांवर सक्तीचं झालं. आडनाव मात्र शेवटी आहेच. चौकशीची सोय सरकारने शाबूत ठेवली आहे.