उंबरठ्यावरचे नाना

पर्वतीच्या पायऱ्या १०३ आहेत, हे पुण्यात शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. त्यातल्या कितव्या पायरीला आपल्या रक्तात काय चाललंय, याची चौकशी करणारे मात्र आमचे नाना एकटेच. सकाळी सहाला पायथ्याशी गाठ पडली की त्यांना "काय नाना, बरंय ना?" असं चुकूनही विचारू नये. "बरंय म्हणजे नक्की किती?" असा उलटा सवाल येतो. मग ते टी-शर्टाच्या गळ्यातून हात घालून छातीवरचा पट्टा चाचपतात, चष्मा कपाळावर चढवून मनगटावरचं घड्याळ वाचतात आणि जाहीर करतात, "उभ्या उभ्या ७६. काल ७२ होते. रात्रीची भजी नडली."

नाना पिंपरीकडच्या एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होते. सगळी नोकरी हातात व्हर्नियर धरून झाली. रिटायर झाल्यावर मापायला काही उरलं नाही. पहिला महिना त्यांनी काकूंच्या पोळ्यांचे व्यास घेण्यात काढला. पण "आता लाटणं मापा, नीट जवळून मापा" असं काकूंनी सुचवल्यावर त्यांनी ते खातं बंद केलं आणि स्वतःला मापायला घेतलं.

एका रविवारी त्यांना 'ॲनेरोबिक थ्रेशोल्ड' हा शब्द भेटला आणि त्या दिवसापासून आमचा सकाळचा निवांतपणा संपला.

"हे बघ," नाना तिसाव्या पायरीवर मला दंडाला धरून थांबवतात, "तू रमतगमत चालतोस ना, तेव्हासुद्धा स्नायूंत लॅक्टेट तयार होतच असतं. शरीर ते तेवढ्याच वेगानं वापरूनही टाकतं. जेवढी आवक तेवढी जावक. आता वेग वाढव. आवक वाढते. एका टप्प्यानंतर जावक पुरी पडत नाही आणि माल गोदामात साचायला लागतो. तो टप्पा म्हणजे थ्रेशोल्ड. आपल्या भाषेत उंबरठा!" मागून येणारी माणसं आम्हाला वळसा घालून जातात. त्यांतल्या कुणी "लॅक्टिक ॲसिडमुळे पाय धरलेत हो" असं म्हटलं तर त्याची खैर नाही. नाना त्याच्यामागे वरपर्यंत जातात आणि पटवूनच सोडतात, की ते तासाभरात निवळतं, उद्या दुखणाऱ्या पोटऱ्यांशी त्याचा संबंध नाही, उलट ते इंधन आहे आणि हृदयसुद्धा ते जाळतं. "त्याला कचरा म्हणू नका!" असं ते अशा सुरात म्हणतात, की जणू लॅक्टेट त्यांच्या माहेरचं आहे.

शास्त्रज्ञांशी तर त्यांची घरगुती ओळख. १९६४ मध्ये वासरमन आणि मॅकइलरॉय या दोघांनी हृदयरोग्यांच्या श्वासावरून हा उंबरठा शोधायची वाट दाखवली, हे सांगताना "आपला वासरमन" असं म्हणतात. कॉन्कोनी या इटालियन डॉक्टरांवर त्यांचा विशेष जीव. १९८४ साली फ्रान्चेस्को मोझरनं मेक्सिकोत एका तासात ५१ किलोमीटरच्या वर सायकल मारली. त्यामागे कॉन्कोनी होते, आणि नानांच्या बोलण्याच्या थाटावरून त्यांच्यामागे पाण्याची बाटली घेऊन नाना असावेत.

कॉन्कोनींची चाचणी साधी. दर दोनशे मीटरला वेग थोडा वाढवायचा आणि नाडी टिपायची. वेग आणि नाडी यांची रेघ सरळ चढते, पण उंबरठ्यापाशी जराशी वाकते म्हणे. नानांनी एका मैदानावर ती केली. मला शिट्टी आणि वही दिली. घरी येऊन आलेखाच्या कागदावर ठिपके मांडले, फूटपट्टी लावली. रेघ पहिल्यापासून शेवटपर्यंत सरळ! अनेकांची अशीच सरळ येते, हे मी कुठंसं वाचलं होतं. पण त्या क्षणी ते सांगणं माणुसकीला धरून झालं नसतं. रेघ काही वाकली नाही. नाना मात्र दोन दिवस कमरेत वाकून चालत होते.

"२२० वजा वय करून टाका की, नाना," मी एकदा सुचवलं होतं. "ती कमाल नाडी. त्याचे काहीतरी टक्के धरायचे."

"हे काय किराणा दुकानातलं गणित आहे? माझं उत्तर येतं १५९. मी स्वतः १७१ पाहिलेत. सरासरीच्या चपला माझ्या पायात का घालू?"

हे मात्र खरं होतं. एकाच वयाच्या दोन माणसांत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. नानांची पंचाईत हीच आहे, की ते बहुतेक वेळा बरोबर असतात.

शेवटी मुलानं अमेरिकेतून रक्त तपासायचं यंत्र आणलं. शुगरच्या यंत्राचा चुलतभाऊ: बोटाला टोचायचं, थेंब पट्टीवर घ्यायचा, लॅक्टेटचा आकडा येतो. स्वस्थ बसलेल्या माणसाचा एक-दीड, आणि चारच्या आसपास पुष्कळांचा उंबरठा. पट्टीची किंमत ऐकून काकूंनी डोळे मिटून घेतले. नाना सोसायटीच्या आवारात दहा मिनिटं हलकेच धावले, घामेजले, टोचून घेतलं. आकडा आला ११.

"अकरा!" नाना पायरीवर बसले. "हा चारशे मीटर जीव तोडून धावलेल्याचा आकडा आहे. अरे, मी तर आत्ता गरम होतोय."

काकू गवार निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बोट पुसलंत?"

"त्याचा काय संबंध?"

"मे महिन्यात मी आंबा खाऊन तशीच शुगर तपासली, तर तीनशे आली होती. हात धुतल्यावर एकशेचाळीस. तुमच्या घामात नसेल का ते तुमचं जे काय असतं ते?"

असतं. घामात भरपूर असतं. हात धुऊन, पुसून, पहिला थेंब टाकून दुसरा घेतला तेव्हा आकडा आला १.८. त्यानंतर आठवडाभर नाना काकूंना "अगं" ऐवजी "अहो" म्हणत होते.

आता त्यांचं म्हणणं असं, की सुधारणा हवी तर रोज उंबरठ्याच्या अगदी काठावर वीस मिनिटं काढायची. "उंबरठ्यावर बसू नये," काकू म्हणतात, "हिरण्यकश्यपूचं काय झालं ठाऊक आहे ना?" त्या नानांबरोबर पर्वतीच्या तीन फेऱ्या मारतात, साडीवर, पायात साधे बूट, मनगटावर काही नाही.

परवा मी त्यांना विचारलं, "काकू, तुम्हाला काय वाटतं, नानांचा उंबरठा नक्की कुठं असेल?"

"तिसरी फेरी, बासष्टावी पायरी," त्या लगेच म्हणाल्या. "तोवर तोंड चालू असतं. बासष्टला गप्प होतात. मग वर पोचेपर्यंत नुसती मान हलते."

इतकी वर्षं सोबत चढूनही मी हे टिपलं नव्हतं. धड वाक्य बोलता येईनासं झालं की उंबरठा आला समजावं, ही कसोटी नानांनीच मला शंभरदा सांगितली होती.

दिवाळीत त्यांच्याकडे फराळाला गेलो तर स्वयंपाकघरात नवाकोरा दोन दारांचा फ्रीज. नाना त्याच्याकडे संशयानं बघत होते. "हे कधी ठरलं, मला आठवतच नाही. ही म्हणते, मी मान डोलावली होती."

काकूंनी माझ्या ताटात चकली वाढली आणि हळूच म्हणाल्या, "बासष्ट."