सगळं स्मॉलमध्ये, काका

ज्या माणसाने उभ्या नाशकाला टेलिफोन जोडून दिले, त्याचा स्वतःचा मोबाइल स्वतःच्याच घरातल्या वायफायला जोडला जात नाही, हा माझ्या मते ग्रहमानाचा दोष आहे. हिच्या मते चष्म्याचा. ‘उभ्या नाशकाला’ या शब्दांवरही तिचा आक्षेप आहे. ‘भद्रकाली ते द्वारका, एवढंच म्हणा,’ असं ती सुचवते. तेव्हाचं नाशिक साधारण तेवढंच होतं, असं म्हणून मी वेळ मारून नेतो.

फोन इन्स्पेक्टर ही काय चीज होती, ते आजच्या पोरांना सांगून पटणार नाही. अर्ज करून माणसं वर्षानुवर्षं वाट बघायची. नंबर लागला की पेढे वाटायची. लाइनमनला चहा मिळायचा, मला चहाबरोबर चिवडा आणि यजमानाच्या बाजूची खुर्ची. लग्नाच्या पंगतीत मला आग्रह व्हायचा तो माझ्या जिलबीप्रेमामुळे नव्हे, हे मला ठाऊक होतं. पण जिलबीला ते ठाऊक नव्हतं, त्यामुळे ती छान लागायची.

फोन आला की त्याच्यावर विणलेला रुमाल यायचा आणि डायलच्या भोकात एक चिमुकलं कुलूप. तो त्या काळचा पासवर्ड. शेजारी येणार, ‘एकच अर्जंट करायचाय’ म्हणणार, म्हणून कुलूप. आमच्याही घरात होतं. खात्याच्या माणसाला बिलाची जास्त भीती. आणि त्या कुलपाला माझ्या आठ-नऊ वर्षांच्या पोरीने किल्लीशिवाय उघडं पाडलं. रिसीव्हर ठेवतो तिथल्या बटणावर लयीत टिचक्या मारल्या की डायल न फिरवता नंबर लागायचा. तीनसाठी तीन टिचक्या, शून्यासाठी दहा. जुन्या डायलच्या फोनमध्ये आकडा म्हणजे शेवटी सर्किट तेवढ्या वेळा तुटणं, एवढंच असतं. ते डायलने तोडा नाही तर बोटाने. हे ज्ञान तिला कोणी दिलं, यावर घरात चौकशी बसली. चौकशी अधिकारी मीच होतो, त्यामुळे निष्कर्ष निघाला नाही. वरवर रागावलो. दुसऱ्या दिवशी एक्स्चेंजमध्ये मात्र सगळ्या टेबलांवर जाऊन सांगून आलो.

तर ही पोरगी आता पुण्याला नोकरी करते. तिनेच मला नवा फोन दिला आणि तिनेच फायबरची जोडणी बुक केली. जोडायला मुलगा आला. म्हणजे येण्यासाठी निघाला.

नाशकात द्वारकेजवळ राहणाऱ्या माणसाने पत्ता सांगणं हा स्वतंत्र साहित्यप्रकार आहे, आणि त्यावर मला थोडं बोलू द्या. मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुणे रोड इथे एकमेकांना भेटतात. भेटतात म्हणजे भिडतात. सारडा सर्कलकडून येणारे त्यात घुसतात, टिग्रानिया रोडवाले कडेने शिरतात. वरून २०१३ पासून उड्डाणपूल आहे. त्यावर चढून उतरायचं राहिलं, तर माणूस आमच्या डोक्यावरून सरळ गोदावरीपार जातो आणि के. के. वाघ कॉलेजजवळ जमिनीला लागतो. खालून पायी जाणाऱ्यांसाठी भुयारी मार्ग केला. माणसं वरूनच ओलांडत राहिली. नाशिककराला मरण आलं तर उजेडात यावं असं वाटत असणार. अशा ठिकाणी फायबरवाला मुलगा उभा राहून मला विचारतो, ‘काका, द्वारकाला आलो. आता?’

‘पुलाच्या वर आहेस का खाली?’

‘खाली.’

‘तोंड कुठे आहे?’

‘रिक्षाकडे.’

यापुढे कोणीही काय सांगणार? मी त्याला काठे गल्लीच्या सिग्नलकडे वळवायला लागलो. त्याने ते ऐकलं, वळलाही, पण त्याच्याबरोबर एक सिटीबस, दोन ट्रक आणि कांद्याचा टेम्पो हे सगळेच वळत होते. पाऊण तास मी फोनवर त्याला आणि तो रिक्षावाल्याला मार्गदर्शन करत होता. सिंहस्थ आला की चौक सुटसुटीत होणार, असं २००३ च्या आधी ऐकलं, २०१५ च्या आधी ऐकलं, आता पुन्हा ऐकतो आहे. इतर गावांतली माणसं कामाची मुदत पावसाळ्याने मोजतात. आम्ही बारा वर्षांच्या हिशेबाने मोजतो, त्यामुळे निराशाही सावकाश होते.

मुलगा आला तेव्हा घामाने थबथबला होता. पाणी प्यायला, भिंतीला भोक पाडलं, आणि राउटर कुठे लावू म्हणून विचारलं. मी सुचवलं, घराच्या मधोमध, उंचावर, लोखंडी कपाटापासून लांब. माझं हे ज्ञान ऐकून तो प्रभावित झाला असावा, कारण त्याने माझ्याकडे न बघता ‘हं’ म्हटलं. आमच्या घरात मधोमध आणि उंचावर देवघर आहे. म्हणून राउटर लागला देवघराशेजारच्या फळीवर. हिने एकदा वर बघितलं. ‘देवाला एक वात,’ ती म्हणाली, ‘आणि याला चार दिवे.’

मुलाने मग वायफायचं नाव काय ठेवू विचारलं. इथे माझ्यातला फोन इन्स्पेक्टर जागा झाला. दारावरची पाटी फक्त जिना चढणाऱ्याला दिसते. हे नाव भिंतीपलीकडेसुद्धा प्रत्येकाच्या फोनवर उमटणार. मी म्हटलं, मराठीत ठेव, आणि पूर्ण ठेव: ‘फोन इन्स्पेक्टर (निवृत्त)’. त्याने टाइप केलं. यंत्राने ‘फोन इन्स्पे’पर्यंत घेतलं आणि तोंड मिटलं.

नंतर मी खोलात गेलो तेव्हा कारण कळलं. वायफायच्या नावाला फक्त बत्तीस बाइट्सची जागा असते. इंग्रजी अक्षर एका बाइटमध्ये मावतं, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन घेतं, आणि काना, मात्रा, पाय मोडल्याची खूण, सगळ्यांचं भाडं वेगळं. म्हणजे मराठी माणसाच्या वाट्याला जेमतेम दहा चिन्हं. माझ्या हुद्द्याला तेवढ्यात ‘क्टर’ आत घेता येत नव्हता, निवृत्ती तर दूरच. उभी हयात खात्यात काढली, त्याची किंमत ‘इन्स्पे’! मी नाव सुचवत राहिलो, मुलगा घड्याळ बघत राहिला. शेवटी त्याने स्वतःच काहीतरी घातलं आणि पासवर्डकडे वळला. मी पासवर्डही भारदस्त सांगायला सुरुवात केली. आठ अक्षरांपासून त्रेसष्ट अक्षरांपर्यंत परवानगी असते, आणि माझा विचार त्रेसष्टचा होता. तो थकल्या आवाजात म्हणाला, ‘सगळं स्मॉलमध्ये घ्या, काका. कॅपिटल तुमच्याच लक्षात नाही राहणार.’

तो गेल्यावर फोन उघडला. यादीत वरून पहिलं नाव होतं: ‘काका’.

आता माझा फोन ‘काका’ला जोडायचा होता. मुलाने पासवर्डची चिठ्ठी राउटरच्या पाठीवर चिकटवली होती. ती वाचायला स्टूल हवं, अंधार म्हणून टॉर्च हवा, टॉर्च फोनमध्ये, आणि पासवर्ड टाइप करायचा त्याच फोनमध्ये. टॉर्च मारला की टाइप करता येत नाही, टाइप करायला घेतलं की अंधार. चिठ्ठीचा फोटो काढला. तो बघायला गेलो की पासवर्डची खिडकी पळून जायची. शेवटी ही खालून म्हणाली, ‘मला वाचून दाखवा, मी भाजीवाल्याच्या वहीत लिहून घेते.’ अशा रीतीने एकविसाव्या शतकातली जोडणी कोथिंबिरीच्या हिशेबाखाली लिहिली गेली.

पासवर्ड बरोबर पडला तेव्हा फोनवर अक्षरं आली: आयपी ॲड्रेस मिळवत आहे. हे मला फार आवडलं. जो पत्ता मला पाऊण तासात सांगता आला नाही, तो राउटरने फोनला पापणी लवायच्या आत दिला. तोही भाड्याने, ठरावीक मुदतीसाठी, डिपॉझिट न घेता. आणि गंमत म्हणजे पत्ता बहुतेकांचा सारखाच. १९२.१६८ ने सुरू होणारे हे पत्ते घरगुती वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. कितीही घरांत तेच वापरा, बाहेरच्या जगाला कळत नाही. पंचवटीतला फोन आणि नाशिकरोडचा फोन एकाच नंबरच्या घरात सुखाने नांदतात.

माझ्या खात्याच्या काळात परवानगीशिवाय कोणी हवेत लहर सोडली असती तर आम्ही पंचनामा केला असता. सरकारने २००५ च्या जानेवारीत वायफायचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त केला, तेव्हापासून प्रत्येक घर आपापलं एक्स्चेंज झालं. एकाच इमारतीत इतके राउटर एकाच पट्ट्यात बोलतात, तरी गोंधळ कसा होत नाही, याचा मी अभ्यास केला आणि अक्षरशः हरखलो. राउटर म्हणजे आमचा द्वारका चौकच. फक्त तिथे सभ्यता आहे. १९९७ साली अभियंत्यांनी ८०२.११ नावाचं प्रमाण ठरवलं, त्यात नियम असा: बोलण्याआधी ऐकायचं. कोणी बोलत असेल तर थांबायचं. तो थांबला तरी लगेच घुसायचं नाही. प्रत्येकाने मनातल्या मनात एक आकडा धरून तेवढं आणखी थांबायचं, म्हणजे दोघं एकदम निघत नाहीत. तरीही धडक झाली, तर पुढच्या वेळी आणखी मोठ्या अंतरातून आकडा धरायचा. म्हणजे ज्याला धडकेचा अनुभव आहे, तो जास्त सबुरीने वागतो! हॉर्न नाही, हात बाहेर काढणं नाही, ‘दिसत नाही का रे’ नाही. हा नियम छापून सारडा सर्कलपासून मुंबई नाक्यापर्यंत वाटावा असं मला वाटलं. ही म्हणाली, आधी स्कूटरवर स्वतः पाळून बघा.

पुढे इमारतीत भाषाच बदलली. ‘आज काका बंद आहेत,’ ‘काकांना वरच्या खोलीत रेंज नाही,’ ‘काका संध्याकाळी जरा मंद असतात.’ पहिल्यांदा जिन्यात ऐकलं तेव्हा मी थेट डॉक्टरकडे जायला निघालो होतो. मग लक्षात आलं, वरच्या मजल्यावर कॉट बेसिसवर राहणारी स्पर्धा परीक्षेची पोरं माझ्या नेटवर आहेत. पासवर्ड कोणी दिला? भाजीवाल्याच्या वहीचं पान हिने लोणच्याच्या बाटलीबरोबर वर पाठवलं होतं. माझा भडका उडाला. पैसे मी भरतो, आणि संध्याकाळी बातम्या बघायला बसलो की निवेदक तोंड उघडून थिजतो! मुलीने फोनवर उपाय सांगितला: ‘बाबा, पासवर्ड बदला, दोन मिनिटांचं काम आहे.’ मी राउटरच्या ॲपमध्ये शिरलो.

त्या ॲपमध्ये एक यादी असते. आजवर घरात जोडले गेलेले सगळे फोन. जे आत्ता जोडलेले ते ठळक, बाकीचे करडे. त्यात पोरीचा फोन होता. करडा. ती दोन-तीन महिन्यांनी येते. पुण्याची बस द्वारकेला सोडते, तिथून ती चालत येते, आणि जिन्याच्या मधल्या वळणावर कधीतरी तिचा फोन घर ओळखतो. मला हे आधीपासून ठाऊक होतं, पण कोणाला बोललो नव्हतो: तिची बस यायच्या सुमाराला मी ॲप उघडून बसतो. बेल वाजायच्या आधी करड्याचं ठळक होतं. मी चहाचं आधण ठेवतो आणि ती आत येऊन म्हणते, बाबा, तुम्हाला कसं कळतं हो बरोबर? मी खात्याचा अनुभव वगैरे सांगतो. पासवर्ड बदलला असता, तर तिच्या फोनने दारात उभं राहून विचारलं असतं, कोणाचं घर?

‘पोरं घरापासून लांब राहतात,’ ही ओट्यापाशी उभी राहून म्हणाली. माझ्याकडे बघत नव्हती. ‘आपलीलाही तिकडे पहिल्या वर्षी कोणीतरी दिलाच असेल की.’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. चिडचिड मात्र होती तशीच होती, ती एवढ्याने जात नाही. मी ॲप बंद केलं आणि उगाचच मोठ्याने खाकरलो.

काल रात्री दारावर टकटक झाली. वरच्यांपैकी एकजण. हातात लॅपटॉप, चेहऱ्यावर थेट तक्रार.

‘काका, काका स्लो झालेत. उद्या मॉक टेस्ट आहे.’

फुकटात वापरून वर तक्रार! पण ‘तक्रार’ हा शब्द कानी पडला की माझी पाठ आपोआप ताठ होते. मी चष्मा लावला, वही घेतली, नाव, मजला, दोषाचं स्वरूप लिहून घेतलं. ‘एकशे अठ्ठ्याण्णववर नोंद करायला हवी होती,’ मी म्हणालो, ‘पण असू दे. हा तुझा डॉकेट नंबर. चोवीस तासांत लाइनमन येईल.’ त्याने तो नंबर खरंच मोबाइलमध्ये लिहून घेतला आणि ‘थँक्यू सर’ म्हणाला. सर! दार लावून मी स्टूल ओढलं, वर चढलो, राउटरचं बटण बंद केलं, दहा आकडे मोजले आणि चालू केलं.

दिवे लागेपर्यंत थोडा वेळ गेला. मग वरच्या मजल्यावरून सगळ्यांचा एकदम गलका आला, ‘आले रे, काका आले!’